स्नेक पास : एका ‘निसर्गरम्य’ रस्त्याच्या मालकीचा इतिहास (थ्रेड)

मँचेस्टर आणि शेफील्ड ही उत्तर इंग्लंडमधील दोन जुनी औद्योगिक शहरे. त्यांना जोडणारा ए-५७ हा मार्ग ग्लॉसॉप मागे टाकताच पेनाइन डोंगररांगेवर चढतो, ५१० मीटरच्या आसपास उंची गाठतो आणि लेडीबाउअर जलाशयाकडे उतरतो. हाच स्नेक पास. प्रवासवर्णनांतून त्याच्या परिसराला ‘अस्पर्श निसर्ग’ म्हणण्याची प्रथा आहे. ती प्रथा मोडायला हवी, कारण या रस्त्यावरून जे दिसते त्यातले जवळजवळ काहीच अस्पर्श नाही.

आरंभ नावापासूनच करावा. सर्पाकृती वळणांमुळे हे नाव पडले असे पाहणाऱ्याला वाटते. प्रत्यक्षात त्याचे मूळ ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांच्या कॅव्हेंडिश घराण्याच्या मानचिन्हावरील सर्पात सांगितले जाते. तो सर्प वाटेवरच्या खानावळीच्या पाटीवर आला आणि खानावळीवरून रस्त्याला नाव मिळाले. थॉमस टेलफर्ड या ख्यातनाम अभियंत्याच्या आखणीनुसार १८२१ मध्ये खुला झालेला हा रस्ता पथकर घेणारा होता. १८४५ मध्ये उत्तरेकडील वुडहेड बोगद्यातून रेल्वे धावू लागली आणि मालवाहतूक तिकडे वळली.

शेफील्डकडे जाताना उजव्या हाताला किंडर स्काउटचे पठार, तर डाव्या हाताला ब्लीकलो. तिथली काळी, उघडी माती म्हणजे पीट. मँचेस्टरच्या परिसरातील गिरण्यांच्या धुराने पीट धरून ठेवणारे शेवाळ मारले, आणि पठार धुपत गेले. गिरणीमालकांचा धूर डोंगरावर मुक्तपणे जाऊ शकत होता. गिरणी कामगारांना मात्र तिथे मज्जाव होता. एकोणिसाव्या शतकात सामाईक जमिनींभोवती कुंपणे पडली आणि ही माळराने ग्राउस पक्ष्यांच्या शिकारीसाठी राखली गेली. दरवर्षी १२ ऑगस्टला सुरू होणाऱ्या त्या हंगामासाठी रखवालदार बारा महिने पहारा देत.

२४ एप्रिल १९३२, रविवार. हेफील्ड गावातून सुमारे चारशे तरुण किंडरच्या दिशेने निघाले. त्यांचा म्होरक्या बेनी रॉथमन वीस वर्षांचा होता. वर रखवालदारांशी झटापट झाली आणि परतताना अटका झाल्या. परक्याच्या जमिनीवर पाऊल ठेवणे हा तेव्हा फौजदारी गुन्हाच नव्हता. म्हणून खटला भरला गेला तो दंगलीच्या आरोपाखाली. पाच जणांना दोन ते सहा महिन्यांचा तुरुंगवास झाला. रॉथमनच्या वाट्याला चार महिने आले.

इथवरची कथा इतिहासप्रेमींना ठाऊक असते. तिचा नेहमीचा शेवट मात्र तपासून पाहण्याजोगा आहे. ‘या मोर्चामुळे डोंगर खुले झाले’ हे विधान अर्धेच खरे. मँचेस्टरच्या पदभ्रमण संघटनांच्या महासंघाने मोर्चाला विरोधच केला होता. डोंगरप्रवेशाचे पहिले विधेयक जेम्स ब्राइस यांनी १८८४ मध्येच संसदेत मांडले होते, शेफील्डचे जी. एच. बी. वॉर्ड १९०० पासून किंडरभोवती कामगारांच्या सहली नेत होते. आणि १९३९ मध्ये जो डोंगरप्रवेशाचा कायदा अखेर संमत झाला, त्याने काही परिस्थितींत अनधिकृत प्रवेश हाच गुन्हा ठरवला! मोर्चानंतर सात वर्षांनी कायदा एक पाऊल मागे गेला. राष्ट्रीय उद्यानांचा कायदा १९४९ चा. पीक डिस्ट्रिक्ट हे ब्रिटनचे पहिले राष्ट्रीय उद्यान १९५१ चे. माळरानांवर मुक्त संचाराचा हक्क तर २००० च्या कायद्याने आला. मोर्चाने लोकक्षोभ जागवला हे निर्विवाद, पण वॉर्डसारख्यांची चिवट, कंटाळवाणी चळवळ वीरकथेत बसत नाही म्हणून गाळली जाते. हा अन्यायच होय.

याहून मोठी उपेक्षा रस्त्याच्या उतारावर, पाण्याखाली आहे.

लेडीबाउअर जलाशयावरून ए-५७ ज्या उंच पुलाने जातो, त्याला ॲशॉप्टनचे नाव आहे. ॲशॉप्टन हे गाव त्याच पाण्याखाली गेले, शेजारचे डरवेंटही. शेफील्ड, डर्बी, नॉटिंगहॅम आणि लेस्टर या शहरांच्या तहानेसाठी १९३५ ते १९४३ या काळात हे धरण बांधले गेले. डरवेंटच्या चर्चच्या आवारातील मृतदेह उकरून बॅम्फर्डला पुन्हा पुरले गेले. रहिवाशांसाठी धरणाच्या खाली नवी घरे उभारली गेली. गावाचा जुना दगडी पूल तेवढा चिरा-चिरा सुटा करून खोऱ्याच्या वरच्या भागात पुन्हा बांधण्यात आला. चर्चचा मनोरा पाण्याबाहेर राहू दिला होता. १९४७ च्या डिसेंबरात तोही सुरुंगाने पाडला.

डोंगर ज्यांच्यासाठी मोकळे व्हावेत म्हणून तरुण तुरुंगात गेले, तेच नागरी कष्टकरी या पाण्याचेही लाभार्थी होते. म्हणूनच बहुधा ही दोन प्रकरणे एका कथेत सांगितली जात नाहीत: पहिल्यात शहरातील माणूस अन्याय सोसणारा ठरतो, तर दुसऱ्यात त्याच्याच गरजेपायी कुणाचे तरी घर जाते. एकाच रस्त्यावरून दोन्ही दिसत असताना एकच सांगणे हे अर्धवट इतिहासलेखन आहे.

मोर्चाच्या सत्तराव्या स्मरणदिनी, २००२ मध्ये, तत्कालीन ड्यूक ऑफ डेव्हनशायर यांनी आपल्या आजोबांच्या वर्तनाबद्दल जाहीर क्षमा मागितली. डरवेंटचे अवशेष २०१८ च्या अवर्षणात उघडे पडले, तेव्हा ते पाहायला इतकी गर्दी लोटली की भिंतींचे दगड जागेवर राहावेत म्हणून पहारा ठेवावा लागला.