सवलतीच्या तिकिटांचे गुपित

नाटकाचा प्लॅन उघडून चार दिवस झाले तरी मागच्या रांगा रिकाम्याच राहिल्या, की निर्मात्याकडून ओळखीच्या मंडळींना निरोप जातो : तिकिटे निम्म्या दरात मिळतील, मात्र कोठे बोलू नका. पूर्वी हा निरोप तोंडी जाई; आता तो मोबाईलवर येतो. निरोप मिळालेल्याने मौन पाळावे, असा संकेत रूढ आहे. तो कितपत योग्य, हा प्रश्न वाटतो तितका क्षुल्लक नाही.

निर्मात्याची अडचण खरी आहे. न विकलेले धान्य कोठारात ठेवता येते. रिकामी खुर्ची तिसऱ्या घंटेनंतर कवडीमोल होते. नाट्यगृहाचे भाडे, कलावंतांची नाईट, सामानाची गाडी हा खर्च प्रेक्षक दोनशे असोत वा सहाशे, तेवढाच राहतो. तेव्हा खुर्ची रिकामी ठेवण्यापेक्षा स्वस्तात देणे शहाणपणाचे. परंतु ही वार्ता सर्वत्र पसरली, तर पूर्ण दर देणारा आपण फसलो असे मानील आणि पुढच्या प्रयोगाला तोही थांबून राहील. म्हणूनच ज्याने अट मान्य करून सवलत घेतली, त्याने शब्द पाळलाच पाहिजे. मध्यंतरात शेजाऱ्याला त्याच्या तिकिटाचा दर विचारून हसणे हा रसिकपणा नव्हे.

तथापि एवढ्याने प्रश्न मिटत नाही. सवलत ओळखीच्या वाटेने गेली, की ती गरजेपर्यंत पोहोचत नाही. पुणे-सातारा रस्त्यावरील वरवे बुद्रुकसारख्या गावातील विद्यार्थी बालगंधर्व रंगमंदिरात नाटक पाहू इच्छितो, तेव्हा जाण्यायेण्याचा खर्च आणि रात्री परतण्याची विवंचना सोसून तो खिडकीवर पूर्ण दर मोजतो. त्याच रांगेत शहरातील एखादा पगारदार गृहस्थ निम्म्या दराने बसलेला असू शकतो. मूल्यभेदाचे समर्थन करता येते ते कमी ऐपतीच्या ग्राहकाला कमी दर लागतो तेव्हा. येथे नेमके उलट घडते.

गुप्ततेवाचून सवलत देता येत नाही, असेही नाही. न्यूयॉर्कच्या टाइम्स स्क्वेअरमध्ये १९७३ साली आणि लंडनच्या लेस्टर स्क्वेअरमध्ये १९८० साली, उरलेली तिकिटे त्याच दिवशी निम्म्या दराने विकणाऱ्या उघड खिडक्या सुरू झाल्या. तेथील रंगभूमी त्यामुळे बुडाली नाही. कारण स्वस्त तिकीट हवे असणाऱ्याला रांगेत उभे राहावे लागते आणि हव्या त्या नाटकाची, हव्या त्या जागेची खात्री सोडावी लागते. ज्याला ती खात्री हवी, तो पूर्ण दर देतो. आपण फसलो असे त्याला वाटण्याचे कारण उरत नाही.

मात्र आयत्या वेळची अशी खिडकीही मुख्यतः शहरवासीयांच्याच सोयीची. वरवे बुद्रुकचा विद्यार्थी सायंकाळी तिकीट मिळेल या भरवशावर घर सोडू शकत नाही. यास्तव प्लॅन उघडतानाच मागच्या काही रांगा विद्यार्थ्यांसाठी व बाहेरगावच्या प्रेक्षकांसाठी अल्प दराने राखून ठेवाव्यात आणि तो दर नाटकाच्या जाहिरातीतच छापावा. दिलेला शब्द पाळणे हे प्रेक्षकाचे कर्तव्य आहेच. पण तो शब्द मागण्याची वेळ येऊ न देणे हे निर्मात्यांच्या हाती आहे.