वेडा राघू खरंच वेडा आहे का?



पांझरेच्या काठाने फिरताना किंवा लळिंगकडे जाताना विजेच्या तारांकडे एकदा बघा. चिमणीपेक्षा थोडा मोठा, हिरवागार, बाकदार काळ्या चोचीचा आणि शेपटीतून बारीक काडी बाहेर आलेला पक्षी दिसला, तर तो वेडा राघू. तारेवरून झेप घेतो, हवेत गिरकी मारतो आणि परत तारेवर येऊन बसतो. "याला वेडा का म्हणतात?" असं वर्गात विचारा. "सर, तो उगाच गोल गोल फिरतो," असं उत्तर येईल.

उगाच नाही! त्या गिरकीत तो उडता कीटक पकडत असतो. मधमाशी मिळाली तर तिला फांदीवर आपटून, घासून तिची नांगी निकामी करतो आणि मगच खातो.

त्याची खरी हुशारी दिसते ती घरट्यापाशी. नदीकाठच्या मातीच्या दरडीत नर-मादी मिळून लांब बीळ खोदतात. आत अंडी, पिल्लं आणि बाहेर पडायला एकच तोंड. आत शिरताना शत्रूने पाहिलं, तर घरट्याचा पत्ता लागलाच म्हणून समजा.

पुण्याचे डॉ. मिलिंद वाटवे आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नेमका याचाच अभ्यास केला. १९९९ मध्ये 'करंट सायन्स'मध्ये आणि २००२ मध्ये 'ॲनिमल कॉग्निशन'मध्ये तो प्रसिद्ध झाला. प्रयोग अगदी साधा. शत्रूच्या जागी माणूस उभा करायचा. एकदा घरटं दिसेल अशा ठिकाणी, एकदा साधारण तितक्याच अंतरावर, पण घरटं दिसणार नाही अशा ठिकाणी. जिथून घरटं दिसत नव्हतं, तिथे माणूस असताना राघू जास्त वेळा आत शिरले. पुढे असंही दिसलं की माणूस घरट्याकडे बघत असेल तर ते थांबतात आणि त्याची नजर दुसरीकडे असेल तर जास्त वेळा आत जातात. म्हणजे "हा माझ्याकडे बघतोय का?" यापेक्षा "हा माझ्या घराकडे बघतोय का?" हे त्यांच्या लेखी महत्त्वाचं!

आता कोणी म्हणेल, धोका दिसला की थांबावं, त्यात काय एवढं? पण नुसतं थांबून चालत नाही. काठावर माणसं, गुरं सतत असतात. प्रत्येकाला भिऊन बाहेर बसलं तर पिल्लं उपाशी राहतील. बेधडक शिरलं तर घरटं उघडं पडेल. या दोन्ही तोट्यांच्या मधली वाट ज्याला सापडते, त्याची पिल्लं जगतात. जंगलात, शेतात बुद्धीचा उपयोग असा असतो.

आणि आपण वर्गात काय विचारतो? "सर्वांत हुशार प्राणी कोणता?" माझ्या मते हा प्रश्नच चुकीचा आहे. विचारायचं ते असं: "या प्राण्याला अक्कल कशासाठी लागते?" माकडाचं कोडं राघूला घालून त्याला नापास करण्यात काय अर्थ? गोष्टीतला लबाड कोल्हा आणि मूर्ख गाढव गोष्टीत शोभतात. परिसर अभ्यासाच्या तासाला मात्र डोळ्यांनी पाहिलेलं हवं.

म्हणून या उन्हाळ्यात तयार चार्ट आणून चिकटवण्याचा प्रकल्प बाजूला ठेवू या. मुलांना अर्धा तास एका राघूकडे बघायला सांगा. वहीत दोन रकाने करा: 'मी काय पाहिलं' आणि 'मला काय वाटतं'. किती झेपा घेतल्या, किती वेळा भक्ष्य आपटलं, हे पहिल्या रकान्यात. तो का थांबला, हे दुसऱ्या रकान्यात. हा फरक शास्त्रज्ञही पाळतात. वाटवे यांच्या १९९९ च्या लेखाचं शीर्षकही प्रश्नार्थकच होतं.

एक मात्र कटाक्षाने पाळा. बिळाजवळ मुलांना नेऊ नका, तारेवरचा राघू लांबूनच बघा. आपण दरडीकडे टक लावून उभे राहिलो, तर आतली पिल्लं तेवढा वेळ उपाशी राहतात, हे आता आपल्याला माहीत आहे.

परत आल्यावर मुलांना एवढंच विचारा: याचं नाव तुम्ही ठेवलं असतं, तर काय ठेवलं असतं? आणि वर्गात ज्याला आपण सहज 'वेडा' म्हणून टाकतो, तो पोरगा त्या दिवशी काय टिपून आणतो, तेही नक्की बघा.