इतिहास पाठ झाला, पुरावा वाचता येईना!

नागपूर आणि भंडारा मागे टाकून राष्ट्रीय महामार्ग छत्तीसगडच्या सीमेकडे धावू लागला की देवरी लागते. गोंदिया जिल्ह्याचा हा जंगलपट्टा धान, तेंदूपाने, मोहफुले आणि जुने तलाव यांच्या आधाराने जगतो. येथील वर्गात गोंडी, छत्तीसगढी, हिंदी आणि झाडीबोली बोलणारी मुले एकाच बाकावर बसतात आणि प्रमाण मराठीत लिहिलेला इतिहास वाचतात. राज्याच्या अभ्यासक्रमात सहावीला ‘इतिहासाची साधने’ हा पाठ आहे. तोच मथळा सातवीला आहे, आठवीला आहे आणि नववीलाही आहे. भौतिक, लिखित आणि मौखिक ही तीन नावे देवरीचा विद्यार्थी झोपेतून उठवून विचारले तरी घडाघडा सांगेल.

मात्र त्याच विद्यार्थ्याला विचारावे, की तुझ्या गावाबाहेरचा तलाव कोणी बांधला? तो कोणाच्या मालकीचा होता आणि सरकारकडे कधी गेला? तो गप्प राहील. या भागातील शेकडो तलावांना ‘मामा तलाव’ म्हणतात. मामा म्हणजे ‘माजी मालगुजारी’. मालगुजारी १९५०च्या कायद्याने संपली आणि एका शब्दात दडलेला सारा इतिहास विनोदी नाव बनून उरला. शेजारच्या सालेकसा तालुक्यातील कचारगडच्या गुहांकडे माघ पौर्णिमेला अनेक राज्यांतून गोंड बांधव लोटतात. पारी कुपार लिंगोची कथा तेथे पिढ्यान्‌पिढ्या सांगितली जाते. मौखिक साधनाची व्याख्या चार वर्षे घोकणाऱ्या मुलाला, ‘घरी जा, आजीला ती कथा विचार आणि लिहून आण,’ असे सांगणारे शिक्षक नाहीत असे नाही. पण ते अपवादच. परीक्षेला आजी येत नाही, व्याख्या येते!

हा दोष पाठ्यपुस्तकाच्या माथी मारून मोकळे होणे सोपे आहे. वस्तुस्थिती वेगळी आहे. २०१८ साली आलेल्या दहावीच्या पुस्तकात इतिहासलेखनाची पाश्चात्त्य आणि भारतीय परंपरा आहे, उपयोजित इतिहास आहे, ऐतिहासिक ठेव्यांचे जतन आहे. पंधरा वर्षांच्या मुलाला इतिहास लिहिला कसा जातो हे कळावे, हा त्यामागचा हेतू चांगलाच होता. त्याचे झाले काय? रांके कोण, व्हॉल्टेअर कोण, हेगेल काय म्हणाला, याच्या जोड्या लावा आणि रिकाम्या जागा भरा! पुराव्यावर प्रश्न विचारायला शिकवणारा पाठच प्रश्न न विचारता पाठ केला जातो. मेकॉलेच्या नावाने बोटे मोडणाऱ्यांनीही हा चमत्कार एकदा पाहावा. मेकॉलेने आपले टिपण १८३५ साली लिहिले. कारकून घडवणारी शिक्षणपद्धती त्याच्या माथी मारता येईल. पण स्वातंत्र्यानंतर पाऊणशे वर्षांहून अधिक काळ ती जपली ती याच देशातील हातांनी.

इतिहासाचा तास म्हणजे सुटीपूर्वीची डुलकी, असे मानणाऱ्या पालकाला वाटेल की यात बिघडले काय? मुलगा गणितात हुशार असला म्हणजे झाले. देवरीच्या परिसरात मात्र या प्रश्नाचे उत्तर जमिनीच्या तुकड्याने द्यावे लागते. २००६च्या वनहक्क कायद्यान्वये अनुसूचित जमातीच्या कुटुंबाला १३ डिसेंबर २००५पूर्वीचा ताबा सिद्ध करावा लागतो. इतर पारंपरिक वननिवासींना तर तीन पिढ्यांचे, म्हणजे ७५ वर्षांचे वास्तव्य. पुरावा कोणता चालेल, हे त्या कायद्याच्या १३व्या नियमात सांगितले आहे. गॅझेटिअर, जनगणना, जमाबंदीचे अहवाल आणि नकाशे चालतात. जुन्या विहिरी, दफनभूमी आणि देवस्थाने चालतात. पूर्वीच्या भूमी अभिलेखात नोंदलेल्या पूर्वजापर्यंत पोचणारी वंशावळ चालते. गावातील वृद्धांचे, दावेदार सोडून इतरांचे, लिहून घेतलेले निवेदनही चालते. सामूहिक हक्कासाठी निस्तार, चराई, देवराई आणि तळी यांच्या खुणा चालतात. आणि एकच पुरावा पुरत नाही, एकाहून अधिक लागतात.

लिखित, भौतिक, मौखिक! सहावीपासून नववीपर्यंत शिकवलेला धडा तो हाच. जो धडा वर्गात गुणांपुरता घोकला गेला, तोच ग्रामसभेत पोटाचा प्रश्न होऊन उभा राहतो. गॅझेटिअर म्हणजे काय, ते कोणी आणि कशासाठी लिहिले, निस्तारपत्रक कसे वाचावे, म्हाताऱ्या माणसाला काय विचारावे आणि त्याचे उत्तर त्याच्याच शब्दांत कसे उतरवावे, हे ज्या गावातील एकाही शिकलेल्या तरुणाला येत नाही, त्या गावाने शहरातून येणाऱ्या माहितगाराची वाट पाहावी. तो येईल तेव्हा येईल आणि सांगेल ते खरे मानावे लागेल. दहावी उत्तीर्ण झालेला मुलगा घरात असताना बापाने स्वतःच्या जंगलाचा पुरावा दुसऱ्याकडून वाचून घ्यावा, याला शिक्षण म्हणायचे काय?

येथे राष्ट्रीय विचाराच्या मंडळींनीही स्वतःकडे पाहण्याची गरज आहे. पाठ्यपुस्तकांत विकृत इतिहास घुसवला गेला, परकीय आक्रमकांची पाने वाढली आणि मराठ्यांचे दीड शतक दोन परिच्छेदांत आटोपले, ही तक्रार खोटी नव्हती. ती लावून धरल्यामुळे २०१७ साली राज्याच्या सातवीच्या पुस्तकात मराठ्यांच्या इतिहासाला ठळक जागा मिळाल्याचे समाधान अनेकांना आहे. पण पान बदलले म्हणून डोके बदलते काय? काल मुलगा त्यांची उत्तरे पाठ करीत होता, आज आपली पाठ करतो. उद्या पुन्हा सरकार पालटले तर तिसऱ्यांची पाठ करील, आणि तितक्याच निर्विकारपणे! पाठांतरावर उभा केलेला अभिमान पाठांतरानेच पुसला जातो.

याचा प्रत्यय २०२५ साली आला. एनसीईआरटीच्या आठवीच्या पुस्तकातील मराठा साम्राज्याच्या नकाशात जैसलमेर दाखवले गेले आणि राजस्थानातून तीव्र आक्षेप उठला. महाराष्ट्रातील अनेकांना राग आला, तिकडच्यांनाही आला. परंतु जैसलमेरकडून चौथाई किंवा खंडणी घेतल्याची नोंद कोणत्या कागदात आहे, आणि खंडणी देणारे राज्य नकाशावर साम्राज्याच्या रंगात दाखवावे की नाही, हे दोन साधे प्रश्न विचारणारे किती निघाले? ते प्रश्न आठवीच्या मुलाने विचारायला हवेत. विचारता येतात, कोणीतरी शिकवले तर.

देवरीवरून जाणारा महामार्ग पुढे पूर्वेकडे जातो. १७४२पासून नागपूरकर रघूजी भोसल्यांच्या फौजा बंगालवर चालून गेल्या. १७५१च्या तहाने ओरिसा आणि बारा लाखांची चौथाई पदरात पडली. मराठी मुलाला हा पराक्रम ठाऊक असतो. बंगाली मुलाला त्याच फौजा ‘बर्गी’ या भयाच्या नावाने ठाऊक असतात, आणि त्या काळच्या गंगाराम कवीने त्या धामधुमीवर ‘महाराष्ट्रपुराण’ नावाचे काव्य रचले. एका वर्गात दोन्ही बाजूंची साधने शेजारी ठेवली तर मराठी मुलाची निष्ठा वितळेल काय? नागपूर वसवणारा गोंड राजा बख्त बुलंद औरंगजेबाच्या दरबारी मुसलमान झाला आणि पुढे त्याच्याच सत्तेविरुद्ध उठला. हा माणूस कोणत्या रकान्यात घालायचा? रकान्यात न मावणारी माणसे मुलांपासून लपवली, की मुले मोठेपणी ती दुसऱ्याच्या तोंडून ऐकतात आणि घरच्यांनी सांगितलेले सारेच खोटे मानू लागतात. श्रद्धेचा घात होतो तो असा.

साधनांची भीती या परंपरेला कधीच नव्हती. इतिहासाचार्य राजवाड्यांनी दारोदार हिंडून, वाळवी लागलेली दप्तरे पदरमोड करून सोडवली आणि १८९८पासून ‘मराठ्यांच्या इतिहासाची साधने’ खंडामागून खंड छापली. १९१० साली पुण्यात भारत इतिहास संशोधक मंडळ उभे राहिले ते याच ध्यासातून. सावरकरांनी १८५७चा इतिहास लिहिताना लंडनच्या इंडिया ऑफिसमधील इंग्रजांचेच कागद धुंडाळले. शत्रूच्या नोंदींतूनच शत्रूचे ‘शिपायांचे बंड’ हे नाव खोडून काढले. नागपुरात बसून महामहोपाध्याय मिराशींनी ताम्रपट वाचले, म्हणून विदर्भाला आपले वाकाटक सापडले. या तिघांपैकी एकानेही ‘आम्ही सांगतो म्हणून खरे’ असे म्हटले नाही. त्यांच्या जयंत्या साजऱ्या करणाऱ्यांनी त्यांची पद्धत तेवढी का बरे सोडून द्यावी?

वेळ नाही, साधन नाही, हे उत्तर ठरलेले आहे. दहावीला इतिहास-राज्यशास्त्राचे ४० आणि भूगोलाचे ४० गुण लेखी परीक्षेला असतात. उरलेले २० अंतर्गत मूल्यमापनाचे, शाळेच्या हातातले. बहुतेक ठिकाणी ते खिरापतीसारखे वाटले जातात. त्याच गुणांसाठी देवरीच्या मुलाने एका तलावाची हकीकत लिहावी, एका वृद्धाचे निवेदन घ्यावे, दंडार सादर करणाऱ्या मंडळींकडून एक जुनी कथा उतरवावी आणि तलाठ्याच्या दप्तराशी तिचा मेळ बसतो का ते पाहावे. दोन साधने जुळली नाहीत तर का जुळली नाहीत, हे अर्ध्या पानात मांडावे. याला ना संगणक लागतो ना अनुदान. वही, पेन्सिल आणि गावात पायी हिंडणारा शिक्षक लागतो. राष्ट्रीय विचाराच्या संस्था शेकडो शाळा चालवतात, सुटीत शिबिरे भरवतात. सरकारी आदेशाची वाट न पाहता त्यांनी हे काम याच वर्षी हाती घ्यावे.

देश घडवायचा तर इतिहास हवा, हे व्यासपीठावरून सांगून झाले. देवरीच्या मुलाला आता आजीजवळ बसू द्यावे, तिचे शब्द वहीत उतरवू द्यावेत आणि ‘हे कशावरून?’ असे विचारू द्यावे. तो प्रश्न एके दिवशी व्यासपीठालाही विचारला जाईल. त्या दिवशी उत्तरादाखल पुरावा काढून देता येईल, एवढी तयारी मात्र वडीलधाऱ्यांनी ठेवावी.