चेंडू आणाल, पण शिकवणारा?



लागणीच्या वेळी आपण बेणं पारखून घेतो. मूलभूत, पायाभूत, प्रमाणित अशा तीन पायऱ्यांनी वाढवलेलं बेणं मिळालं, की जीव निश्चिंत होतो. मग गावच्या पोरांसाठी कार्यक्रम घेताना ही पारख कुठे जाते?

मागे आमच्या भागातल्या एका गावात व्यसनमुक्तीचा कार्यक्रम झाला. जो कर्मचारी मोकळा दिसला, त्याच्या हाती माईक दिला. त्याने कर्करोगाचं भय घातलं, शपथ दिली, हारतुरे झाले. मांडव सुटायच्या आत पोरं पानठेल्यावर खर्रा घोटून घेत होती! दोष त्या बिचाऱ्याचा नाही. त्याला हे काम कुणी शिकवलंच नव्हतं.

आपल्या नागपूरचंच उदाहरण घ्या. हिस्लॉप कॉलेजचे क्रीडाशिक्षक विजय बारसे यांनी झोपडपट्टीतली पोरं पावसात फुटकी बादली लाथाडत खेळताना पाहिली. २००१ साली त्यांनी या पोरांसाठी फुटबॉलचं काम उभं केलं. तेच ‘स्लम सॉकर’. २०१६ साली फिफाने त्याचा गौरव केला आणि २०२२ साली बारसे सरांच्या कामावरून ‘झुंड’ चित्रपट निघाला. पण आम्हाला मोलाची वाटते ती वेगळीच गोष्ट. तिथे खेळून सावरलेल्या पोरांनाच पुढे प्रशिक्षक म्हणून तयार केलं गेलं. हाच खरा बेणेमळा!

शिकायचं ते काय? पोराचं आधी ऐकून घ्यावं. चार दिवस मैदानावर न दिसलेल्याच्या घरी जावं. घसरलेल्याला चारचौघांत लाजवू नये. मुलींनाही मैदान मोकळं ठेवावं. आणि आपल्या हाताबाहेरचं दिसलं, तर वेळेत डॉक्टरकडे न्यावं. हे शिकल्याशिवाय येत नाही.

कुणी म्हणेल, कारखान्याचं काम गाळपाचं, ही उठाठेव कशाला? पण शिक्षण-प्रशिक्षण हे सहकाराच्याच सात तत्त्वांपैकी एक आहे. शिवाय उद्याचा सभासद आज त्या पानठेल्यावरच उभा आहे.

म्हणून आमची सूचना साधी आहे. दर गटातून एक मुलगा आणि एक मुलगी निवडावी, त्यांना दहा दिवस नीट शिकवावं, दरवर्षी उजळणी घ्यावी. चेंडू आणि गणवेश त्यानंतर. येत्या सर्वसाधारण सभेत हा विषय सभासदांनीच मांडावा. खत-पाणी कितीही घाला, बेणं कच्चं असेल तर फड उभा राहत नाही, हे आम्ही तुम्हाला काय सांगावं?