मुली खेळत नाहीत म्हणे!

"खेड्यातल्या मुलींना बास्केटबॉलमध्ये इंटरेस्टच नसतो हो." हे वाक्य आमच्या वीकएंडच्या गप्पांत इतक्यांदा ऐकलंय की आता डोकं सणकतं. मंडळी, इंटरेस्टचं नंतर बघू. आधी सामने मोजू.

आमच्या टेंभुर्णीची एखादी मुलगी जाफराबादच्या कॉलेजातून खेळते असं धरा. तिची वाट कशी? आधी आंतरमहाविद्यालयीन स्पर्धा. निवड झाली तर डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा संघ. मग पश्चिम विभाग, आणि तिथे पहिल्या चारांत आलात तर अखिल भारतीय. कागदावर झकास! पण बाद पद्धतीत १६ संघ उतरले तर सामने होणार १५, आणि निम्मे संघ एकच सामना खेळून घरी. वर्षभराची तयारी ४० मिनिटांत खलास.

आता कुणीतरी म्हणेल, अमेरिकेतली मुलींची एनसीएए स्पर्धाही बादच असते की. असते ना, ६८ संघांची. पण त्याआधी प्रत्येक कॉलेजचे तीसेक सामने झालेले असतात. त्यातले बरेचसे कॉन्फरन्समधले, म्हणजे ठरलेल्या गटातल्या कॉलेजांशी, कधी त्यांच्या कोर्टवर तर कधी आपल्या. ही स्पर्धा सुरू झाली १९८२ साली. २०२४ मध्ये साउथ कॅरोलिना-आयोवा फायनल टीव्हीवर सुमारे १.८९ कोटी लोकांनी पाहिली, पुरुषांची १.४८ कोटींनी. हे प्रेक्षक एका रात्रीत उगवले नाहीत.

"तिकडे पैसा आहे, इकडे कुठून आणणार?" हा पुढचा ठरलेला प्रश्न. करोडो कोण मागतंय? जालना जिल्ह्यातली कोर्ट असलेली फक्त चार कॉलेजं घ्या. प्रत्येकाने प्रत्येकाशी दोनदा खेळायचं. एकूण सामने १२, प्रत्येक संघाला ६, त्यातले ३ घरच्या मैदानावर. सकाळच्या एसटीने जायचं, संध्याकाळी घरी. मुक्कामच नाही, म्हणजे घरच्यांशी होणारं निम्मं भांडण तिथेच मिटलं. आणि मार्च २०२३ पासून बायकांना एसटीचं तिकीटही अर्धं आहे.

आपण सॉफ्टवेअरवाले कोड वर्षातून एकदाच चालवून बघतो का? आणि तो पडला की "या प्रोग्रॅमरला इंटरेस्टच नाही" म्हणतो का? मग या पोरींच्या बाबतीतच हा न्याय का?

आधी सहा सामने द्या. मग इंटरेस्टवर खुशाल वाद घालू.