स्त्रियांची सक्तीची सैनिकभरती आणि ख्रिस्ती विवेकाचा प्रश्न

नवी दिल्ली : डेन्मार्कमध्ये १ जुलै २०२५ नंतर वयाची अठरा वर्षे पूर्ण करणाऱ्या तरुणींना आता तरुणांप्रमाणेच सैनिकभरतीच्या सोडतीला सामोरे जावे लागते. पुरेसे स्वयंसेवक मिळाले नाहीत, तर सोडतीत लहान क्रमांक आलेल्यांना बोलावले जाते. त्यात मुलगा की मुलगी हा भेद उरलेला नाही. सेवेचा काळही चार महिन्यांवरून अकरा महिन्यांपर्यंत वाढवण्याचा निर्णय झाला आहे. नॉर्वेने हे पाऊल २०१५ मध्येच उचलले होते आणि उत्तर अटलांटिक करार संघटनेतील तो पहिला देश ठरला होता. स्वीडनने २०१७ मध्ये सक्तीची भरती पुन्हा सुरू करण्याचा निर्णय घेतला, तेव्हा स्त्री-पुरुष दोघांनाही तिच्या कक्षेत आणले.

हे तिन्ही देश लुथरन परंपरेचे आहेत आणि तेथील सर्वांत मोठा धर्मसमूह आजही लुथरन चर्चच आहे. तरीही तेथील वाद प्रामुख्याने समानता, मनुष्यबळ आणि रशियाची भीती यांभोवती फिरला. याउलट अमेरिकेत १९७३ पासून एकाही नागरिकाला सक्तीने सैन्यात घेतलेले नाही आणि स्त्रियांना तर भरतीसाठी नाव नोंदवण्याचेही बंधन नाही. तरीही तेथील अनेक ख्रिस्ती मंडळींनी आपल्या महासभांमध्ये या विषयावर ठराव केले आहेत. जेथे सक्ती आली तेथे धर्मशास्त्राचा स्वर क्षीण आणि जेथे ती केवळ शक्यता आहे तेथे तो तीव्र, या विसंगतीचा उलगडा रणभूमीपेक्षा वेदीकडे पाहिल्यास लवकर होतो.

डेन्मार्कच्या चर्चने १९४८ मध्ये स्त्रियांना पाळकपदाची दीक्षा दिली. स्वीडनमध्ये ते १९६० साली घडले, नॉर्वेमध्ये १९६१ साली. जी मंडळी स्त्रीला व्यासपीठावरून उपदेश करण्याचा अधिकार मान्य करते, तिला त्याच स्त्रीच्या खांद्यावर बंदूक नको असे सांगण्यासाठी धर्मशास्त्रात फारसा आधार उरत नाही. अमेरिकेत स्त्रियांच्या भरतीला ठामपणे विरोध करणाऱ्या मंडळींमध्ये ऑर्थोडॉक्स प्रेस्बिटेरियन चर्च, प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिका आणि सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शन ही नावे ठळक आहेत. पाळकपद पुरुषांपुरतेच असावे, ही या तिघांचीही भूमिका आहे. तेव्हा सैनिकभरतीचा वाद हा बऱ्याच अंशी जुन्याच वादाचे नवे रूप आहे. मात्र तो तेवढाच आहे, असे म्हणणे या मंडळींवर अन्याय करणारे ठरेल.

त्यांचा युक्तिवाद असा. जुन्या करारातील ‘गणना’ या ग्रंथाच्या प्रारंभी इस्राएलच्या सैन्यासाठी शिरगणती होते, तीत वीस वर्षांवरील पुरुष मोजले जातात. ‘अनुवाद’ या ग्रंथात युद्धाचे नियम येतात, तेही पुरुषांना उद्देशून. नवविवाहित पुरुषाला एक वर्ष लढाईतून सूट आहे, ती त्याने घरी राहून पत्नीला सुखी करावे म्हणून. स्त्रीने पुरुषाचा वेष धारण करू नये, या नियमातील मूळ हिब्रू शब्दाचा अर्थ केवळ वस्त्र असा नसून साधने किंवा आयुधे असाही होऊ शकतो, याकडे हे अभ्यासक लक्ष वेधतात. नव्या करारात इफिसकरांस लिहिलेल्या पत्रात पतीने पत्नीसाठी स्वतःला अर्पण करावे, असा आदेश आहे. या सर्वांतून निघणारा निष्कर्ष एकच : संरक्षण हे पुरुषाचे कर्तव्य आहे आणि स्त्रीला त्या जागी उभे करणारे राज्य पुरुषाला त्याच्या कर्तव्यातून मोकळे करते.

विरुद्ध बाजूचे लोक दबोरेचे नाव घेतात. ‘शास्ते’ या ग्रंथात दबोरा ही इस्राएलची न्यायाधीश व संदेष्ट्री आहे. बाराक हा सेनानी तिच्यावाचून युद्धाला जाण्यास नकार देतो आणि शत्रूचा सेनापती सीसरा अखेर याएल नावाच्या स्त्रीच्या हातून, तंबूच्या मेखेने मारला जातो. परंपरावादी उत्तर असे की, तो प्रसंग बाराकाच्या भीरुतेचा ठपका आहे, स्त्रियांच्या भरतीचा आदर्श नव्हे. ग्रंथ मात्र याएलची स्तुती करताना कोणतीही खंत व्यक्त करत नाही. त्याहून महत्त्वाची गोष्ट दोन्ही बाजूंच्या चर्चेत मागे पडते. दबोरा स्वतः होऊन गेली होती. तिला कोणी फर्मान धाडले नव्हते. सक्तीच्या प्रश्नाला तिची कथा उत्तर देत नाही, ना या बाजूने ना त्या बाजूने.

अमेरिकेतील राजकीय इतिहास या चर्चेला एक विचित्र वळण देतो. १९८० मध्ये भरतीसाठी नावनोंदणी पुन्हा सुरू करताना स्त्रियांचीही नोंदणी व्हावी, असा प्रस्ताव मांडणारे अध्यक्ष जिमी कार्टर हे स्वतः सदर्न बॅप्टिस्ट होते आणि रविवारच्या शाळेत बायबल शिकवत असत. काँग्रेसने स्त्रियांचा भाग नाकारला. स्त्रियांविषयीच्या भूमिकेवरून कार्टर यांनी २००० मध्ये सदर्न बॅप्टिस्ट कन्व्हेन्शनशी असलेला संबंध तोडला; त्याच कन्व्हेन्शनने २०१६ मध्ये सेंट लुइस येथील अधिवेशनात स्त्रियांच्या नोंदणीविरुद्ध ठराव केला. दरम्यान, १९८१ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने ‘रॉस्टकर विरुद्ध गोल्डबर्ग’ खटल्यात केवळ पुरुषांची नोंदणी घटनात्मक ठरवली होती. स्त्रियांना लढाऊ तुकड्यांत प्रवेश नाही, म्हणून त्यांची स्थिती पुरुषांसारखी नाही, हा त्या निकालाचा पाया होता. डिसेंबर २०१५ मध्ये संरक्षणमंत्री अॅश कार्टर यांनी सर्व लढाऊ पदे स्त्रियांना खुली केली आणि हा पाया निघून गेला.

त्यानंतर नोंदणीचा प्रश्न काँग्रेसमध्ये वारंवार आला. २०१६ मध्ये डंकन हंटर या प्रतिनिधीने समितीत स्त्रियांच्या नोंदणीची दुरुस्ती मांडली आणि स्वतः तिच्याविरुद्ध मत दिले. सहकाऱ्यांनी या कल्पनेचा गंभीरपणे विचार करून ती फेटाळावी, ही त्यांची अपेक्षा होती. समितीने ती ३२ विरुद्ध ३० मतांनी मंजूर केली. डावपेच असा अंगाशी येण्याची उदाहरणे संसदीय इतिहासात थोडी नाहीत. ती तरतूद पुढे वगळण्यात आली. २०२० मध्ये काँग्रेसनेच नेमलेल्या राष्ट्रीय आयोगाने स्त्रियांच्या नोंदणीची शिफारस केली. २०२१ मध्ये तशी तरतूद प्रतिनिधिगृहाने संमत केलेल्या संरक्षण विधेयकात होती, पण अंतिम मसुद्यातून ती काढली गेली. त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयाने प्रश्न काँग्रेससमोर असल्याचे सांगून याचिका ऐकण्यास नकार दिला.

या पार्श्वभूमीवर प्रेस्बिटेरियन चर्च इन अमेरिकाच्या २००२ च्या महासभेचा निर्णय बारकाईने पाहण्याजोगा आहे. स्त्रीचे रक्षण हे पुरुषाचे बायबलसंमत कर्तव्य असल्याचे सांगून महासभेने स्त्रियांना लढाऊ सैनिक म्हणून वापरण्याचा आणि त्यांच्या सक्तीच्या भरतीचा निषेध केला. हा निर्णय सभासदांवर बंधनकारक शिस्त म्हणून नव्हे, तर पाळकीय सल्ला म्हणून स्वीकारण्यात आला. पुढचे वाक्य अधिक महत्त्वाचे आहे : या कारणावरून सद्सद्विवेकबुद्धीने आक्षेप घेणाऱ्या कोणत्याही सभासदाच्या पाठीशी मंडळी उभी राहील.

अडचण येथेच आहे. अशा आक्षेपकाला अमेरिकेच्या भरती कायद्यात जागा नाही. हा कायदा शस्त्र नाकारण्याची मुभा देतो, पण ज्याचा विवेक कोणत्याही स्वरूपातील युद्धाला विरोध करतो त्यालाच. क्वेकर, मेनोनाइट, चर्च ऑफ द ब्रेदरेन या शांतिवादी मंडळींच्या श्रद्धेशी ही व्याख्या जुळते. परंतु प्रेस्बिटेरियन किंवा बॅप्टिस्ट मंडळी शांतिवादी नाहीत. न्याय्य युद्धात पुरुषाने लढावे, असेच त्या मानतात. उद्या नोंदणीचा कायदा बदलला, तर या मंडळींतील अठरा वर्षांची मुलगी काय सांगणार? ‘युद्ध चुकीचे आहे’ असे ती म्हणू शकत नाही, कारण तिची तशी श्रद्धाच नाही. ‘युद्धात मी असणे चुकीचे आहे’ असे ती म्हणेल आणि या वाक्यासाठी अर्जात रकाना नसेल.

असा प्रयत्न एकदा वेगळ्या संदर्भात झाला आहे. व्हिएतनाम युद्धाच्या काळात लुई नेग्रे या कॅथलिक सैनिकाने आपल्या चर्चच्या न्याय्य युद्धाच्या शिकवणीचा आधार घेतला. सर्व युद्धे अधर्म्य नाहीत, पण हे युद्ध अन्याय्य आहे आणि त्यात भाग घेणे पाप ठरेल, असे त्याचे म्हणणे होते. १९७१ मध्ये ‘गिलेट’ खटल्याबरोबर त्याचेही प्रकरण निकाली निघाले. न्यायालयाने आठ विरुद्ध एक मतांनी निवडक आक्षेप अमान्य केला. अमेरिकेच्या कॅथलिक बिशपांनी अशा निवडक आक्षेपाला कायदेशीर मान्यता द्यावी, अशी मागणी केली. कायदा बदलला नाही. १९९३ च्या धर्मस्वातंत्र्य कायद्याच्या आधारे आज एखादी तरुणी दाद मागू शकेल, पण सैन्यभरतीच्या बाबतीत न्यायालये शासनाच्या निकडीला झुकते माप देतात, हा अनुभव आहे. नोंदणी टाळल्यास पाच वर्षांपर्यंत कारावासाची तरतूद आहे. ती क्वचितच वापरली गेली असली, तरी कायद्यात आहे.

स्त्रीच्या विवेकाला कायद्याने विचारात घेतले नाही, तर काय होते, याचे एक उदाहरण ब्रिटनमध्ये आहे. डिसेंबर १९४१ मध्ये ब्रिटिश संसदेने वीस ते तीस वयोगटातील अविवाहित स्त्रियांना सक्तीच्या सेवेत आणले. तो कायदा आजच्या तुलनेत सावध होता : लेखी संमतीवाचून कोणत्याही स्त्रीला प्राणघातक शस्त्र हाताळायला लावता येणार नव्हते. परंतु नागरी संरक्षणाच्या नोंदणीत विवेकाच्या आक्षेपासाठी तरतूद नव्हती. प्रख्यात स्फटिकशास्त्रज्ञ कॅथलीन लॉन्सडेल या क्वेकर होत्या. त्यांनी नोंदणी करण्यास नकार दिला. लहान मुलांची आई म्हणून त्यांना सूट मिळालीच असती आणि आगीवर पाळत ठेवण्याच्या कामाला त्यांची हरकतही नव्हती. हरकत होती ती सक्तीला. दोन पौंडांचा दंड त्यांनी भरला नाही आणि १९४३ मध्ये महिनाभर लंडनच्या हॉलोवे तुरुंगात काढला. दोनच वर्षांनी रॉयल सोसायटीने प्रथमच स्त्रियांना सदस्यत्व दिले, तेव्हा निवडलेल्या दोघींपैकी एक त्या होत्या.

लॉन्सडेल यांचा नकार आणि प्रेस्बिटेरियन मंडळींचा नकार एकाच शब्दाने ओळखला जात असला, तरी ते दोन वेगळे विचार आहेत. एक स्त्री-पुरुष भेद मानत नाही. कोणाच्याही विवेकावर राज्याची सत्ता नाही, असे म्हणतो. दुसरा राज्याची सत्ता मान्य करतो, फक्त ती कोणावर चालावी याची रेषा आखतो. अमेरिकेतील युनायटेड मेथडिस्ट चर्च १९५६ पासून स्त्रियांना पाळकपदाचे पूर्ण अधिकार देते आणि सक्तीची लष्करी सेवा शुभवर्तमानाशी विसंगत असल्याची भूमिकाही तिने दीर्घकाळ घेतली आहे. स्त्रियांना वगळा, असे ती म्हणत नाही. मुलग्यांनाही सोडा, असे म्हणते.

दूर आफ्रिकेच्या शिंगावरील इरिट्रियात या वादाला वेगळीच धार आहे. तेथे निम्म्याच्या आसपास लोक ख्रिस्ती आहेत. स्वातंत्र्ययुद्धात स्त्रिया स्वेच्छेने लढल्या होत्या. १९९५ च्या कायद्याने स्त्री-पुरुष दोघांनाही अठरा महिन्यांची राष्ट्रीय सेवा सक्तीची झाली आणि इथिओपियाबरोबरच्या १९९८ ते २००० च्या युद्धानंतर ती अनिश्चित काळाची बनली. विवेकाच्या आक्षेपाला तेथे जागाच नाही. १९९४ मध्ये यहोवाच्या साक्षीदारांचे नागरिकत्व अध्यक्षीय आदेशाने काढून घेण्यात आले आणि त्या पंथाच्या तिघांना कोणत्याही खटल्यावाचून सव्वीस वर्षे कैदेत ठेवण्यात आले. सेवेतील स्त्रियांवरील लैंगिक अत्याचारांची नोंद संयुक्त राष्ट्रांच्या चौकशी आयोगाने केली आहे. विवाह किंवा मातृत्व हाच सुटकेचा व्यावहारिक मार्ग असल्याने अनेक मुली अल्पवयातच लग्न करतात. २०१४ मध्ये चार कॅथलिक बिशपांनी देशातील तरुण पिढीच्या पलायनावर प्रांजळ पत्र लिहिले. त्या देशात एवढे बोलणे हेसुद्धा धाडस होते. दबोरेचा आदर्श की इफिसकरांचे पत्र, ही चर्चा तेथील मुलीला परवडणारी नाही.

भारतात सक्तीची लष्करी सेवा नाही. खडकवासल्याच्या राष्ट्रीय संरक्षण प्रबोधिनीतून ३० मे २०२५ रोजी प्रथमच सतरा तरुणी उत्तीर्ण होऊन बाहेर पडल्या, त्या स्वतःच्या इच्छेने. तथापि संविधानाच्या अनुच्छेद २३ मधील दुसरे उपकलम राज्याला सार्वजनिक प्रयोजनासाठी सक्तीची सेवा लादण्याची मुभा देते. तशी सेवा लादताना केवळ धर्म, वंश, जात किंवा वर्ग या कारणांवरून भेदभाव करू नये, अशी अट त्यात आहे. या यादीत लिंगाचा उल्लेख नाही. म्हणजे केवळ पुरुषांना बोलावण्यास हे कलम आडवे येत नाही आणि स्त्रियांना बोलावण्यासही नाही. विवेकाच्या आक्षेपाबद्दल ते काही सांगत नाही.

डेन्मार्कमध्ये १९१७ पासून शस्त्र नाकारणाऱ्यांना पर्यायी नागरी सेवेचा मार्ग उपलब्ध आहे आणि तो आता मुलींनाही लागू होईल. अमेरिकेत नोंदणीचा प्रश्न संरक्षण विधेयकाच्या निमित्ताने पुन्हा येऊ शकतो. स्त्रियांना वगळावे, यासाठी आजवर ठराव करणाऱ्या मंडळींनी आपल्या मुलींसाठी आक्षेपाच्या तरतुदीची भाषा मात्र अद्याप कायदेमंडळासमोर ठळकपणे मांडलेली दिसत नाही. विधेयक संमत झाल्यावर त्यासाठी हाती उरणारा अवधी, अठरावा वाढदिवस आणि त्यानंतरचे तीस दिवस, एवढाच असेल.