जकात गेली, बस आलीच नाही

2011 च्या जनगणनेनुसार भिवंडीची लोकसंख्या सुमारे 7 लाख. यंत्रमाग आणि गोदामांच्या या शहरात महापालिकेची स्वतःची बससेवा मात्र नाही. एसटी आणि शेजारच्या पालिकांच्या बस जिथे पोहोचत नाहीत, तिथे शेअर रिक्षाच आधार. दिवा-वसई मार्गावरील भिवंडी रोड स्थानकातून गाड्याही मोजक्याच सुटतात.

बस नसण्याचे एक कारण पालिकेच्या तिजोरीत आहे. राज्यात मुंबई वगळता जकातीची जागा एलबीटीने (स्थानिक संस्था कर) घेतली. 1 ऑगस्ट 2015 पासून 50 कोटींपेक्षा कमी उलाढालीच्या व्यापाऱ्यांना एलबीटीतून सूट मिळाली, आणि 2017 मध्ये जीएसटी आल्यावर तोही संपला. राज्य सरकार भरपाई देते, पण शहरात येणाऱ्या मालावर कर बसवण्याचा अधिकार पालिकेच्या हातून गेला. रोज तोट्यात धावणारी सेवा अशा तिजोरीवर उभी राहणे कठीण.

बस नसल्याची किंमत रस्त्यावर मोजली जाते. पाळी सुटल्यावर कामगार कंटेनरच्या रांगांमधून चालत निघतो, किंवा खच्चून भरलेल्या रिक्षात चालकाशेजारी अर्धा बाहेर लटकतो. रात्रपाळीच्या बाईला तर रिकामा रस्ता आणि अनोळखी वाहन, एवढीच निवड उरते. हा अन्यायच आहे. ठाणे-भिवंडी-कल्याण मेट्रोचे भूमिपूजन डिसेंबर 2018 मध्ये झाले. पण मेट्रो आली तरी तिच्या स्थानकापासून यंत्रमाग कारखान्यापर्यंत नेणारी बस लागेलच, आणि तिच्यासाठी अंदाजपत्रकात दरवर्षी राखीव तरतूद हवी.